टोमॅटो नसलेला पिझ्झा

प्रिय बारक्या,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून हे फाडायला निघाला असशील. जरा थांब, पुरतं वाच. बाबा गेले त्या सकाळी दवाखान्याच्या जिन्यात, सगळ्यांदेखत, मी तुला म्हटलं की बाबांना तू मारलंस. त्याला दीड वर्ष झालं. तू फिरकला नाहीस, आणि मीही हट्टाने बोलावलं नाही.

तुझा गुन्हा काय, तर एक पिझ्झा. बाबांच्या किडन्या अधू, पोटॅशियम वाढलं तर हृदय बंद पडेल, हे डॉक्टरांनी दहादा बजावलेलं. टोमॅटो बंद, केळी बंद. म्हणून तू मुद्दाम पांढरा पिझ्झा शोधून आणलास, नुसतं चीज, हॅम आणि मशरूम. बाबा काय हरखले होते रे! एकच तुकडा खाल्ला, बोटं चाटली आणि माझ्याकडे बघून डोळा मारला. त्याच रात्री त्यांचं हृदय बंद पडलं, आणि सकाळी त्या जिन्यात मी खोक्यावरचे आकडे तुझ्या तोंडावर फेकले. एका तुकड्यात सोडियम सातशे मिलिग्रॅम, पोटॅशियम दोनशे. लेबलं तपासणं हे माझं पोटापाण्याचं काम ना! माझ्या सहीशिवाय कारखान्यातून डबा हलत नाही, ही माझी मिजास.

आईचे गुडघे फार धरलेत. माझ्याशी कामापुरतं बोलते. तुझी बायको तिला फोनवर म्हणाली, की पोरांना खाऊ आणायचा म्हटलं तरी तू दुकानातून रिकाम्या हाताने परत येतोस. ते ऐकून मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, पण तुला फोन केला नाही.

परवा कामावर माझ्या टेबलावर मिठाचा पुडा आला. कमी सोडियमचं मीठ, हृदयासाठी उत्तम म्हणे. बाबा गेले त्याच्या महिनाभर आधी त्यांच्यासाठी मीच हौसेने आणलेलं, तेच. रोज सढळ हाताने त्यांच्या सुपात, भाजीत घालत होते मी. पुडा उलटा करून मागची बारीक अक्षरं वाचली. सोडियम काढून त्यात पोटॅशियम घातलेलं असतं. एका चमच्यात तुझ्या सात तुकड्यांइतकं. किडनीच्या रुग्णांनी वापरू नये, असं चक्क छापलंय. घरचा पुडा मी कधी उलटा केलाच नव्हता.

बारक्या, तू नाही मारलंस बाबांना. मी मारलं. माफी मागायला मला तोंड नाही. हे पत्र पेटीत टाकून घरी जाते आणि आईला सांगते. त्यानंतर ती माझ्या हातचं खाणार नाही. तिच्यासाठी तरी ये.

म्हणवत असेल तर तुझीच,
ताई