लादीवरचं लोणी

४ डिसेंबर, रविवार

शकुताई आणि बळीराम भाऊजींच्या लग्नाला येत्या अठरा तारखेला पन्नास वर्षं होतात. महाराजपुरला त्यांच्याकडे दुपारचं जेवण. ताईच्या सुनेनं, सुनेत्रानं, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. प्रत्येक घरानं एकेक पदार्थ आणायचा. विनता पाटवड्या लिहिणार होती. तिनं चष्मा शोधेपर्यंत मी लिहून टाकलं : 'चीझी गार्लिक ब्रेड. सगळ्यांना पुरेल इतका. मेड बाय अच्युत.' लगेच अंगठे आले. पहिला अंगठा भाऊजींचा. अर्थात ते शोकसंदेशालाही अंगठाच देतात.

विनताला विचारलं नाही, हे खरं. पण सरप्राइज कोणी विचारून देतं का? दरवर्षी तीच राबते. रिटायर झाल्यापासून मी बायकांच्या कष्टांचा फार विचार करून राहिलो आहे.

विनता म्हणाली, "अहो, पाटवड्यांची वाट पाहतात लोक." मी म्हणालो, लोकांनाही बदल हवा. तिनं सापडलेला चष्मा परत ठेवून दिला. भारावली असावी.

६ डिसेंबर, मंगळवार, सकाळ

ट्रायल नंबर एक. घरीच ब्रेड भाजणार. बेकरीचा आणणं म्हणजे चीटिंग.

पीठ फुगलं नाही. दोष यीस्टचा नाही, जबलपुरच्या थंडीचा. पातेलं विनताच्या रजईत गुंडाळून ठेवलं आहे. लोण्यात लसूण कालवताना एक गोळा खाली पडला. लिंबाएवढा. मोबाइलवरचा रेसिपीचा व्हिडिओ ऐन महत्त्वाच्या जागी आलेला, हात बरबटलेले, पॉज करता येईना. संपल्यावर पुसतो.

संध्याकाळ

विनता किचनमध्ये घसरली. उजवं मनगट फ्रॅक्चर. प्लास्टर.

हॉस्पिटलमधून आल्यावर तिला पलंगावर बसवलं आणि आधी लादी पुसली. अशा वेळी स्वच्छता फार महत्त्वाची.

लाद्या मुळातच गुळगुळीत आहेत. बिल्डरला तेव्हाच म्हटलं होतं. म्हणजे म्हणणार होतो.

डॉक्टर म्हणाले, हातावर ताण येऊ देऊ नका. मनावरचा ताणही त्यात आलाच. तेव्हा आज सांगणं योग्य नाही. उद्या सांगतो.

७ डिसेंबर

सकाळी पुष्पा आली. अकरा वर्षांपासून झाडू-पोछा, भांडी तीच करते. विनताला रात्रभर ठणका होता. ती पुष्पावर एकदम घसरली. पोछ्याला तेल लागलं होतं का, पिळला नव्हता का, पाहून तर पुसत जा.

पुष्पा म्हणाली, "दीदी, मैंने तो सूखा पोछा लगाया था. मेरे बाद भैया थे न किचन में. पूछ लो भैया से."

दोघी माझ्याकडे पाहू लागल्या.

मी म्हणालो, "जाने दो. हो जाता है कभी-कभी."

किती मोठ्या मनानं म्हणालो! म्हणताना मलाही वाटलं, हा माणूस कोणाला तरी माफ करून राहिला आहे.

पुष्पानं झाडू कोपऱ्यात उभा केला, खोचलेला पदर सोडला आणि निघून गेली. चहाही घेतला नाही. विनता म्हणाली, चोर तो चोर, वर शिरजोर. मी दार लावून घेतलं.

येईल उद्या.

९ डिसेंबर

नाही आली.

सकाळी विनताची वेणी घातली. जन्मात पहिल्यांदा. तीन पेड असतात हे माहीत होतं, तिसऱ्याचं काय करायचं ते माहीत नव्हतं. ती आरशातून पाहत होती. हसली. म्हणाली, "तुम्ही इतकं करता, मला लाज वाटते हो."

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण कंगवा केसात अडकला होता.

तसं पाहिलं तर वेणी म्हणजे एक प्रकारे सांगितल्यासारखंच आहे. वेणी, तीन वेळचा चहा, भांडी (ताटं तरी), मिळून निम्मा अपराध फिटला असं धरायला हरकत नाही. उरलेला निम्मा गार्लिक ब्रेड करून फेडणार.

१२ डिसेंबर

विनता म्हणाली, आता तरी पाटवड्या करू. ती खुर्चीत बसून सांगेल, मी फक्त बेसन घोटायचं. मला हे जरा लागलं. घोटायला मी आणि नाव तिचं! म्हणालो, तू आराम कर, मी आहे ना.

ती म्हणाली, "तेच तर."

ट्रायल नंबर दोन. बाहेरून कोळसा, आतून कणीक. रजईला अजून आंबूस वास येतो. त्यातच ती झोपते.

ब्रेड बेकरीचा आणायचं ठरवलं. खरं कौशल्य लोणी लावण्यातच असतं.

विनतानं खुर्चीतून सांगितलं, "लोणी आधी बाहेर काढून ठेवा, नरम होऊ द्या." लोणी शब्द ऐकताच सुरी लसणावरून बोटावर गेली. तिनं डाव्या हातानं मला पट्टी लावून दिली. फुंकर पण घातली.

काहून असं वागते ही?

१४ डिसेंबर

इथल्याच गोरखपुर मोहल्ल्याच्या बाजारात चीज आणायला गेलो. समोरून पुष्पा. मी झटकन मटारच्या ठेल्यामागे गेलो आणि भाव विचारू लागलो. भाजीवाल्यानं तीनदा सांगितला. मी पुन्हा विचारला.

मागून आवाज आला, "भैया, दीदी का हाथ कैसा है?"

म्हणालो, ठीक आहे. ती म्हणाली, रात को हल्दी का दूध देना. आणि गेली. तोंडावर राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

घाबरून पाच किलो मटार घेतले. चीज विसरलो. संध्याकाळभर मटार सोलत बसलो. विनतानं विचारलं, इतके काहून? म्हणालो, फ्रीझ करू, स्वस्त होते. आणखी एक खोटं. पण हे छोटं आहे, आणि मटार चांगले निघाले.

१७ डिसेंबर, शनिवार

प्लॅन पक्का. उद्या सगळ्यांसमोर सांगणार. एकट्या विनताला सांगणं म्हणजे लपूनछपून सांगणं झालं. गरम गार्लिक ब्रेड सगळ्यांच्या हातात, पहिला घास, वाहवा, आणि मग मी उभा राहणार. 'ज्या लोण्याचं तुम्ही कौतुक करून राहिले, त्याच लोण्यानं...' इथे थोडं थांबायचं. बाथरूममध्ये प्रॅक्टिस केली. डोळ्यांत पाणी आलं. भाऊजींच्या तर येईलच.

मग सोमवारी पुष्पाला मानानं परत आणायचं. सगळं पहिल्यासारखं.

आज हलकं वाटून राहिलं आहे.

१८ डिसेंबर, रविवार

ब्रेड घरून भाजून नेला. ही एकच चूक झाली. ऑटोमध्ये महाराजपुरपर्यंत गार वारा. पोचेपर्यंत चीजचा पापुद्रा झाला होता, एका टोकाला धरलं की अख्खा सुटून यायचा. सुनेत्रानं परत गरम केला. मग तो वाजायला लागला. भाऊजींनी एक तुकडा चहात बुडवला. चीजसकट. ताई म्हणाली, "अच्युत, पाटवड्या नाही आणल्या?" तिच्यानंतर आणखी चौघांनी विचारलं. विनता म्हणाली, हात असा ना. सगळे च् च् करू लागले. कसं झालं, कुठे झालं?

तिनं सांगितलं. पुष्पाचं नाव घेऊन.

मग सुरू झालं. आजकालच्या कामवाल्या बाया. ह्यांची अशी, त्यांची तशी. ताई म्हणाली, बरं झालं गेली. माझ्या तोंडात घास होता, चीज दाढेला चिकटलं होतं, त्यामुळे बोलता आलं नाही.

खरं म्हणजे घास केव्हाच गिळून झाला होता.

एवढ्यात विनताच म्हणाली, "तशी वाईट नव्हती हो ती. मला टायफॉइड झाला होता तेव्हा घर तिनंच सांभाळलं. माझंच जरा जास्त झालं त्या दिवशी." आणि डोळे पुसले. डाव्या हातानं, म्हणून नीट पुसले गेले नाहीत.

सुनेत्रा ओरडली, चलो, फोटो! मी दुसऱ्या रांगेत उभा राहिलो. सगळे चीज म्हणाले.

परतताना ऑटोत सांगितलं. बाथरूममधलं भाषण आठवलंच नाही. म्हणालो, ते लोणी माझ्या हातून पडलं होतं. पुष्पाचं नव्हतं. मला माहीत होतं.

विनता रस्त्याकडे पाहत राहिली. आधारतालची वस्ती मागे गेली. मला वाटलं, ऑटोच्या आवाजात ऐकू आलं नसेल. पुन्हा सांगितलं.

"ऐकलं," ती म्हणाली. मग प्लास्टरचा हात मांडीवर घेत, "मी तिला चोर म्हटलं. तुम्ही तिथे उभे होते."

मी सॉरी म्हणालो.

"मला काहून म्हणता? हात माझा होता, तो जुळेल."

१९ डिसेंबर, सोमवार

विनतानं आज वेणी घालू दिली नाही. केस तसेच बांधले, एका हातानं.

सकाळी पुष्पाकडे गेलो, रेल्वे लाइनीपलीकडे. मला खात्री होती. बाई मनानं मोठी आहे, रडेल, मीही रडेन, सोबतच परत येऊ. उरलेला गार्लिक ब्रेड डब्यात घेतला होता.

दारातच सगळं सांगितलं. पुष्पा ऐकत होती. म्हणाली, "उसी दिन से पता था आपको?"

हो म्हणालो.

"बाजार में मिले थे, तब भी?"

हो.

"अच्छा," ती म्हणाली. रडली नाही. सकाळची दोन घरं धरली आहेत, ती सोडता येणार नाहीत म्हणाली. दीदीला भेटायला येईल. काम करायला नाही. डबा तिनं घेतला नाही. दीदीला नमस्ते सांगा म्हणाली आणि आत गेली. चहाचं तिनं विचारलं नाही.

घरी आलो. विनता दारातच होती. माझ्या मागे पाहत होती. मागे कोणी नव्हतं.

"नाही म्हणाली?"

मान हलवली. बरं म्हणून ती आत गेली. कुकर तिनं डाव्या हातानं लावला. मी पुढे झालो तर म्हणाली, भांडी पडली आहेत.

सिंकमध्ये कालचा ट्रे आहे. चीज दगडासारखं चिकटलं आहे. गरम पाण्यात भिजवलं, काथ्यानं घासलं, हलत नाही. विनताला विचारलं, हे कसं काढायचं?

ती म्हणाली, "नखानं."

काढून राहिलो आहे.