वळणापलीकडचा तंबू

खाणवस्ती, गाफ्सा
गुरुवार, २४ जानेवारी २००८

प्रिय लझहर,

तुला सलाम, नईमाला आणि लेकरांना गोड पापे. वरच्या रेल्वे डेपोत थंडी आमच्यापेक्षा जास्त असेल, छाती जप. इकडे सगळं ठीक. आई बरी आहे. दिवसभर उन्हात बसते, अखंड बोलते, कुणाच्या हातचा चहा आवडत नाही म्हणून स्वतःच करते. तिची काळजी करू नकोस.

फोनवर तिसरं कोण ऐकत असतं ते तुला ठाऊकच आहे, म्हणून ही चिठ्ठी टॅक्सीवाल्या मुनीरबरोबर पाठवतेय. वाच आणि शेगडीत घाल.

भरतीचा निकाल तुझ्यापर्यंत पोचला असेलच. खाणीत मेलेल्यांच्या आणि जायबंदी झालेल्यांच्या मुलांसाठी राखलेल्या जागा आपल्या अम्मारमामाच्या मंडळींना मिळाल्या. युनियनचा पुढारी म्हणजे कामगारांचा माणूस, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. आता कळलं, त्याचे कामगार म्हणजे मामीचं माहेर! शेजारच्या जनातचा नवरा खाणीत गाडला गेला, तिचा मुलगा गणिताची पदवी घेऊन कॅफेत माशा मारतोय. मामीच्या भाच्याला स्वतःची सही धड येत नाही, त्याला नेमणूक. आपल्या डोंगरातून रोज फॉस्फेट जातं, जहाजात चढतं, राजधानीत कुणाकुणाचे बंगले उभे राहतात. आपल्याला काय, तर धूळ आणि इथल्या पाण्यानं पिवळे पडलेले दात. एवढं सगळं लोकांनी गिळलं होतं रे. हा निकाल मात्र घशाखाली उतरला नाही.

म्हणून बायकांनी रुळावर तंबू ठोकला. पोती, घोंगड्या, शेगड्या, सगळा संसार तिथेच. फॉस्फेटची मालगाडी बंद. मीही तिथेच आहे. रागावू नकोस, आधी पुढचं वाच.

पोलिसांचा साहेब रोज समजावायला येतो. परवा एका म्हातारीला म्हणाला, "हाज्जा, उठा आता, थंडी बाधेल."

ती म्हणाली, "नवऱ्याचे कपडे झटकण्यात जन्म गेला, ती धूळ बाधली नाही. तुझी थंडी काय बाधणार? चहा घे आणि जा."

घेतला बिचाऱ्यानं. दोन ग्लास घेतले.

काल मामा आला. गाडीतून उतरलासुद्धा नाही, काच खाली करून म्हणाला, "शनिवारी माल सुटणार. लझहर चालवेल. तुमच्याच गावचा पोरगा आहे, त्याच्यासाठी तरी उठालच की!" तुला मुद्दाम निवडलंय, कळलं का? त्याच म्हातारीनं शाल तोंडावर ओढून घेतली. मामानं तिच्याकडे पाहिलं आणि ओळखलं नाही. सख्ख्या बहिणीला ओळखलं नाही.

हो. ती आपली आईच. ती उन्हात बसते हे मी खोटं लिहिलं नाही, फक्त ते ऊन रुळावरचं आहे.

मामा गेल्यावर तिनं मला शपथ घातली, की ती इथे आहे हे तुला कळवायचं नाही. मी भांडले. ती म्हणाली, "आपलं माणूस बघून थांबला, तर तो आणि त्याचा मामा सारखेच. जनातसाठी थांबला, तर माझा मुलगा." तुलाही बाबांच्या जागी मामानंच लावलं होतं, ते ती विसरलेली नाही.

मला तिचं पटतं रे. पण मला झोप नाही. तंबू ठोकताना आम्ही बायकांनी वारा बघितला, वळण बघितलंच नाही. पुलानंतरचं वळण संपतं तिथेच, कड्याच्या आडोशाला, तंबू आहे. वरून येताना तो दिसतच नाही. हलवू या म्हटलं, तर सगळ्याजणी म्हणतात, हलवला की उठवला अशी बोंब होईल. आई सगळ्यांत पुढे बसते. म्हणते, "वळणावर त्याच्या दोन शिट्ट्या ऐकू येतील, मला कळेलच." एरवी तुझ्या शिट्ट्या ऐकून ती तुझ्यासाठी भट्टीत रोट्या लावते, तसंच वाटतंय तिला. अरे, भरलेली गाडी, उतार, आणि तू वळणावर आल्यावर ब्रेक लावून काय उपयोग? हे मी तिला सांगितलं नाही. तुला सांगतेय.

शिट्टी वळणावर देऊ नकोस. पुलाच्या अलीकडे दे आणि तिथेच गाडी उभी कर. मामाला काय करायचं ते करू दे. मग पायी ये. आईला बघितलंस की दचक, "तू इथे कशी?" म्हणून ओरड. लहानपणापासून तुला खोटं बोलता येत नाही, पण एवढं एकदा नीट कर. तिला वाटू दे, तू जनातसाठीच थांबलास.

आणि जमलं तर, लझहर, खरंच जनातसाठी थांब.

आईची शपथ मोडून बसलेली,
तुझी ताई
सालिहा