'मशुली' या शब्दावरील माझा आक्षेप कायम ठेवून

मी, खाली सही करणारा, वय बाहत्तर, धंदा शिलाई मशीन दुरुस्ती, राहणार दुकानाच्या माडीवर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वखुशीने आणि कोणाच्याही धाकाला न जुमानता लिहून ठेवतो. अक्षर हलते आहे ते वयामुळे नव्हे. गेले अकरा दिवस मी इतका खुशीत आहे की पेन हातात ठरत नाही. शुद्धीचा दाखला आमच्या डॉक्टरांनी दिला आहे. दिवसभर फोनवर भांडतो म्हणजे डोके शाबूत आहे, असे त्यांचे मत पडले.

१. राहते घर व दुकान मुलीला. विकावे, ठेवावे, तिची मर्जी. फक्त काउंटरची काच ओल्या फडक्याने पुसू नये. हे मी तीस वर्षे सांगतो आहे.

२. पकडी, तेलाच्या कुप्या व सुयांचा डबा शेजारच्या कुलूपवाल्याला. बारीक पेचकस त्याने "आत्ता आणून देतो" म्हणून गेल्या वर्षी नेला, तोही त्याचाच समजावा.

३. आता मुद्द्याचे. जुनी मशीन दुरुस्त करणाऱ्यांचा फोनवर एक गट आहे, माणसे चार हजार. त्यात एक बाई आहेत, सगळे त्यांना बॉबीनताई म्हणतात. आमची प्रत्यक्ष भेट कधी झालेली नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांनी लिहिले, "माझी मशुली आज रुसलीय हो, खालचा धागाच उचलत नाहीये."

मशुली! वीस किलो लोखंडाला! मी तिथल्या तिथे निषेध नोंदवला व गट सोडत असल्याचे जाहीर केले. सोडला नाही. दुसऱ्या दिवशी मला डिवचायला चाळीस जणांनी तोच शब्द लिहिला. मी उपोषण केले, दोन जेवणांच्या मधल्या वेळात. बंदीसाठी मतदान घेतले, तर माझ्या बाजूने एकच मत पडले, ते माझे. पोटच्या मुलीनेही शब्दाला मत दिले. माझे नाव तेव्हापासून निषेधकाका. खरे सांगतो, बायको गेल्यावर घरात भांडायला कोणी उरले नव्हते. निषेध लिहायचा म्हणून मी सकाळी हुरूपाने उठू लागलो.

४. बायको गेली तेव्हा तिच्या मशीनवर उशीचा अभ्रा अर्धा शिवून राहिला होता आणि चाक अडकलेले होते. हजारो मशीन उघडणाऱ्या मी तीन वर्षे त्यावरचे कापड उचलले नाही. विचारणाऱ्यांना "पार्ट मिळत नाही" म्हणून सांगितले. ते खोटे होते.

बारा दिवसांपूर्वी बॉबीनताईंनी सगळ्यांसमोर लिहिले, "निषेधकाका, तुमच्या फोटोत मागे एक झाकलेलं मशीन दिसतं. ते चालू करून दाखवा, मी शब्द मागे घेते." आता माघार कशी घेणार? दुसऱ्या दिवशी उघडले. शटलमध्ये निळ्या धाग्याचा गुंता होता. दोन मिनिटांचे काम! तेवढ्यासाठी मी तीन वर्षे रडत होतो. गुंता काढला, तेलाचा थेंब सोडला, चाक फिरवले आणि मशीन धावले! अभ्रा पुरा झाला. मुलीने घेतलेला व्हिडिओ गटात टाकला. बाईंनी रीतसर माफी मागितली आणि तेव्हापासून चार हजार माणसे मुकाट्याने 'यंत्र' म्हणतात. मी रोज एक अभ्रा शिवतो आहे.

५. हे मशीन, त्या निळ्या धाग्यासह, बॉबीनताईंना द्यावे. मुलीची संमती आहे. कारण माझा विजय लबाडीचा आहे. व्हिडिओची सुरुवात मी कापली. चाक फिरले तेव्हा मी ओरडलो होतो, "चल गं माझी मशुली!" दारातली मुलगी हसता हसता रडली आणि आजवर तोंड दाबून बसली आहे.

माझ्या पश्चात तिने न कापलेला व्हिडिओ गटात टाकावा. त्या क्षणी बंदी उठली असे समजावे. सगळे तुटून पडतील आणि उत्तर द्यायला मी नसेन, एवढीच हळहळ आहे. म्हणून उत्तर आजच देऊन ठेवतो. मुलीने दहा मिनिटे थांबून ते माझ्या नावाने टाकावे:

"निषेध! निषेध! त्रिवार निषेध!"

सही: निषेधकाका

साक्षीदार:
१. आमचे डॉक्टर (सही)
२. समोरचा न्हावी (सही, हसू आवरत नसल्याने वाकडी आली आहे)

ठिकाण: दुकान, मागचे टेबल
दिनांक: दहा, शुक्रवार. मशीन चालू झाल्याचा अकरावा दिवस.