खणखणीत विटा

४ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

भूकंपाला महिना झाला. पडलेल्या घरांचे ढिगारे उपसायचं काम आता माझ्याकडे आहे. आधी ट्रक सरळ ओढ्यात रिकामे होत होते. ते भांडून बंद केलं. आता मैदानावर लाकूड, लोखंड, विटा वेगळ्या काढतो आणि फुटकं काँक्रीट भरडून रस्त्याखाली घालतो. पण विटा साफ करताना आमची माणसं निम्म्या फोडतात. तुमच्यासारखा गवंडी हवा. वहिनी लिहिते, दादाकडे राहायला गेल्यापासून तुम्ही खोलीबाहेर पडत नाही. दादाच्या भिंतींतल्या चुका काढून झाल्या असतील, तर या ना!

रागावलात तरी चालेल, पण दोन ओळी टाका.

तुमची ठकी

९ मार्च

चि. ठकीस,
अ. आ.

एवढ्या धुळीतही तुला चेष्टा सुचते, बरं वाटलं. पडलेल्यांत अकरा घरं मी बांधलेली. शाळेतल्या मास्तरांच्या आईचा पाय माझ्याच भिंतीखाली सापडला. कोणत्या तोंडाने येऊ?

विटेवर हातोडा घालू नका. जुन्या थापीच्या कडेने खरवडा, चुना सुटतो. सिमेंट धरून बसलेली वीट सरळ भरडायला द्या. दोन विटा एकमेकींवर वाजवून बघा. खणखणली ती ठेवा, बद्द वाजली ती टाका. नाकाला फडकं बांधत जा.

तब्येतीला जप.

बाबा

१८ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमच्या युक्तीने आता शंभरातल्या ऐंशी विटा शाबूत निघतात. काल मास्तर मैदानावर आले. हे कुणी शिकवलं, असं त्यांनी विचारलं. मी तुमचं नाव सांगितलं आणि जीव मुठीत धरून उभी राहिले. ते बराच वेळ विटा वाजवत बसले. मग म्हणाले, आईला आता काठीने चालता येतं. घर पुन्हा उभं करायचंय. भिंत कुठे चुकली, हे बांधणाऱ्याइतकं कुणाला कळणार? त्यांनाच बोलाव.

काय कळवू? उत्तराकडे डोळे लावून बसले आहे.

ठकी

२२ मार्च

चि. ठकीस,
अ. आ.

गुरुवारच्या गाडीने येतो. मास्तरांना काही कळवू नकोस, मीच बोलेन. धक्क्याने भिंती सुटू नयेत म्हणून दारं-खिडक्यांच्या चौकटींवरून भिंतभर काँक्रीटचा पट्टा फिरवावा लागतो. त्यांचं घर बांधताना पावसाळा तोंडावर आला म्हणून मी घाई केली आणि तो घातला नाही. हे त्यांना ठाऊक नाही. आधी त्यांच्या आईसमोर बसून हे सांगेन. त्यानंतरही त्यांनी थापी हातात दिली, तर काम सुरू करेन. नाहीतर तुझ्या मैदानावर विटा आहेतच.

बाबा