बिल्ला माझा, पिन तिची

बोरी, फेब्रुवारी १९८५. मंगळवार, संध्याकाळ.

आज प्रचाराची जीप आली. पोरं मागं पळत होती, अन् मी बी दारात कधी आले ते कळलंच न्हाई. जीपमधल्या माणसानं माझ्याही हातात एक बिल्ला दिला. "वैनी, छत्री ध्यानात ठेवा." मी उभ्याउभ्याच बिल्ल्याची पिन काढून घेतली.

सासूबाई बघायल्या होत्या. म्हणाल्या, "आगं, पिनच काढलीस, आता लावशील कसा?"

काय सांगू त्यांना? माहेरी शेवंताची अन् माझी वाटणीच तशी होती. जीपमागं दोघी पळायचो. बिल्ला माझा, पिन तिची. तिच्या आईच्या पोलक्याला गुंड्या नसायच्या, म्हणून. घोडा, सायकल, छत्री, सगळे अजून माझ्या डब्यात हायेत. एकालाही पिन न्हाई.

मग नामांतराचा दंगा झाला. त्यांच्या वस्तीतली घरं जळाली अन् शेवंताचे लोक गाव सोडून गेले. कोणी म्हणतं परभणीला, कोणी औरंगाबादला. माहेरी दादांना विचारलं तर म्हणाले, "ते नाव ह्या घरात काढू नको." का काढू नको? माझ्या लग्नात मांडवात बसूनही मी दाराकडंच बघत होते. तिचं लग्न झालं का? तिची आई कशी असंल?

बिल्ला डब्यात टाकला. पिन मात्र टाकवेना, बांगडीत अडकवली. सासूबाई म्हणाल्या, "बरं केलंस, वेळेला लागती."

मला कशाला लागती. माझ्या पोलक्याला सगळ्या गुंड्या हायेत. ही शेवंताची हाय.