उसना हात

दि. ६ जानेवारी

चि. बारक्यास,

अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे ठीक. तू, तुझी बायको आणि पिल्लू ठीक असाल असं धरून चालते, कारण विचारायला फोन करावा तर तो नुसता वाजत राहतो. शेवटी म्हटलं, पत्र बरं. ते कुणी उचलावं लागत नाही, आपलं आपण दारात जाऊन पडतं.

आणि हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तू पुढचं निवांत वाचशील. तुझ्या तपासण्या, डॉक्टर, दादाला द्यायची किडनी, यातल्या कशाबद्दलही मी या पत्रात चकार शब्द काढणार नाहीये. बातमी वेगळीच आहे. तुझी वहिनी मण्यांचे दागिने करायला शिकली!

हास, हास. तुझ्या शाळेच्या शर्टाला कोटाचं बटण लावून पाठवणारी तीच मी. पण झालं असं की दादा डायलिसिसच्या मशीनवर गेला की मला काही कामच नसतं. आधी मासिकं वाचायचे, मग भिंतीवरच्या सूचना वाचून पाठ झाल्या. शेजारच्या खाटेवर लायब्ररीवाल्या बाई असतात. निवृत्त झाल्या तरी आवाज लायब्ररीतलाच, हळू, पण समोरच्याला गप्प करणारा. त्या चष्म्याच्या डबीत मणी घेऊन येतात. आता सुया टोचलेला हात तर हलवायचा नाही, म्हणजे उरला एकच. एका हाताने मणी ओवून बघ एकदा, जीव मेटाकुटीला येतो. एक दिवस माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अहो, रिकाम्या बसला आहात, तर एक हात उसना द्या की."

दिला. आधी मी नुसता दोरा ताणून धरायचे आणि त्या सुईने मणी टिपायच्या. मग त्या रंग सांगायच्या आणि मी ओवायचे. मग मीच बाजारात जाऊन बारीक काचमण्यांच्या पुड्या घेऊन आले. पहिले काही दिवस दोऱ्यात कमी आणि जमिनीवर जास्त! नर्स म्हणाली, "ताई, इथे कुणी घसरून पडलं तर त्याला खाट कुठून आणू?" तेव्हापासून मी ताटात जुना टॉवेल अंथरून त्यावर मणी घेते, म्हणजे पळत नाहीत. तंगूसाच्या म्हणजे नायलॉनच्या दोऱ्याची गाठ सुटते, तिला दोन वेढे जास्तीचे द्यावे लागतात. काही मण्यांना भोक असतं पण सुई जात नाही, ते बाजूला काढायचे, त्यांच्याशी भांडायचं नाही. असं बरंच कळायला लागलंय मला.

एक सांगू? ओवताना मी कसलाच विचार करत नाही. निळा, निळा, पांढरा. चुकलं तर तिथवर उसवायचं आणि पुन्हा ओवायचं. घरात एवढं सोपं दुसरं काही उरलेलं नाही रे.

दादा म्हणतो, "दुकान टाकू. मी गल्ल्यावर बसतो, तसाही बसूनच असतो." त्याची तब्येत बरी आहे. बरी म्हणजे आहे तशी.

तुझ्या बायकोसाठी कानातले पाठवतेय. डावं किंचित लांब झालंय. तिला म्हणावं, हल्ली अशीच फॅशन आहे.

तुझी,
वहिनी


दि. २ मार्च

चि. बारक्यास,

आशीर्वाद. कानातले पोचले असतील. आवडले नसतील तर तसं सांग, मी काही रुसणार नाही.

इकडे एक मोठी गंमत झाली. लायब्ररीवाल्या बाईंना किडनी मिळाली! रुग्णालयाच्या यादीत त्यांचं नाव होतं. कुणा अनोळखी माणसाच्या घरच्यांनी त्याच्या मृत्यूनंतर दिली आणि बाईंचा नंबर लागला. फोन आला तेव्हा त्या आमच्या शेजारीच मशीनवर होत्या. इतक्या घाबरल्या की मलाच विचारायला लागल्या, "मी चप्पल कुठे काढली हो?" पायातच होती. जाताना मनगटात आम्ही दोघींनी मिळून केलेलं निळं ब्रेसलेट होतं.

झालं! त्या दिवसापासून सगळा वॉर्ड माझ्या मागे लागलाय. प्रत्येकाला तसलंच निळं हवं. रिक्षावाल्याच्या आईला हवं, बँकेतल्या साहेबांना हवं, आणि ज्या नर्सने मला मण्यांवरून झापलं तिने आपल्या भावजयीसाठी सांगून ठेवलंय. मी ओरडून सांगते, अहो, ही काच आहे, बाजारात वजनावर मिळते. बाईंचं नाव कित्येक वर्षं यादीत होतं म्हणून त्यांना फोन आला, माझ्या मण्यांना तिकडे कोण विचारतंय? पण ऐकतो कोण. सगळे मान डोलावतात आणि मनगट पुढे करतात.

कोपऱ्यातल्या खाटेवर पेंटरकाका होते. दुकानांच्या पाट्या रंगवायचे. त्यांनी हिरवं मागितलं, निळा म्हणे त्यांच्या कातडीवर उठत नाही. करून दिलं. मागच्या आठवड्यात आम्ही गेलो तर त्यांच्या खाटेवर दुसरंच कुणी होतं. त्यांची मुलगी बिल भरायला आली होती, तिने सांगितलं, शेवटी हातात तेच होतं. मी मनात म्हटलं, आता तरी लोक शहाणे होतील. त्याच दिवशी आणखी तिघांनी मागितलं. मी करत बसलेय. नाही कशी म्हणू, तोंडच होत नाही माझं.

आता मी शब्द मोडते. गेल्या पत्रात तो विषय काढला नव्हता, आज काढते.

बाईंना भेटायला गेले होते. तोंडाला मास्क, खिडकीतूनच बोललो. त्यांनी पहिलं काय विचारलं असेल? "तुमच्या मिस्टरांचं नाव यादीत आहे ना?" मी म्हटलं, नाही. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जसं काही मी पुस्तक भिजवून परत आणलंय.

नाही घालत रे तो नाव. डॉक्टरांनी सांगितलं, भाऊ देणार असला तरी नाव घालून ठेवा. मी सांगितलं, भांडले, दोन दिवस अबोला धरला. त्याचं एकच पालुपद. "यादी ज्याला कुणी नाही त्याच्यासाठी असते. मला भाऊ आहे. मी कशाला दुसऱ्याचा नंबर अडवू?" आणि मग खालच्या आवाजात, "त्याला कळलं तर वाटेल, दादाने माझी आशा सोडली."

तुझा अहवाल जुळला तेव्हा डॉक्टरांच्या समोर तू त्याचा हात धरून म्हणालास, "दादा, झालंच समज." रजेचं बघतो म्हणून गेलास. तेव्हापासून तुझा आवाज नाही. माझं रक्त जुळलं असतं तर तुला त्रासही दिला नसता, पण ते जुळत नाही, आणि त्यापुढे मी काय करणार?

मला फार राग येतो, बारक्या. तुझा येतो, त्याचा येतो, सुई जरा जोरात लागली की त्या बिचाऱ्या नर्सचाही येतो. मग मी ताट पुढे ओढते आणि ओवत बसते.

उत्तर दे.

वहिनी


दि. १९ एप्रिल

बारक्या,

तुझ्या बायकोचा मेसेज आला. "कानातले आवडले, धन्यवाद." पुढे काही येईल म्हणून मी फोन हातात धरून बसले. स्वयंपाक करपला, पण पुढे काही आलं नाही. चला, म्हणजे पत्रं पोचतात तरी.

तिचा राग नाही मला. घरात एवढंसं पोर. तिच्या जागी मी असते तर तुला दाराबाहेर पाऊल टाकू दिलं नसतं. आणि तुझी भीतीही मला काल-परवा कळलेली नाही. शाळेत लस टोचायला आले तेव्हा तू मागच्या भिंतीवरून पळाला होतास. दादाने शोधून काढलं, खांद्यावर बसवून घरी आणलं आणि आईंना ठोकून दिलं की टोचून झालं. मी नवीनच होते तेव्हा घरात. म्हटलं, खोटं का बोललास? तर म्हणाला, "घाबरलेल्याला ढकलून काय मिळतं?" तो अजून तसाच आहे. तुला ढकलत नाही आणि मलाही ढकलू देत नाही.

परवाचं सांगते, त्याचसाठी हे पत्र. मशीन चालू होतं. मी बँकेतल्या साहेबांच्या बायकोसाठी ओवत होते. दादा छताकडे बघत म्हणाला, "मला नाही केलंस एखादं."

मला वाटलं थट्टा करतोय. म्हटलं, "गल्ल्यावर बसणाऱ्याला कशाला हवं?"

"कर की. सगळ्यांना केलंस."

"रंग कुठला?"

"कुठलाही चालेल."

हातातलं ओवणं मी ताटात ठेवलं. अरे, हा माणूस आयुष्यभर लिफ्टची कामं करत आला. दोर स्वतः तपासल्याशिवाय कुणाला वर पाठवलं नाही. शकुनबिकुन म्हटलं की माझी टर उडवायचा. तो काचेचे मणी मागतोय. म्हणजे तू येशील असं आता त्यालाही वाटत नाही. तरी ते तुला कळू नये म्हणून यादीत नाव मात्र घालणार नाही! आता यावर मी काय करू, तूच सांग. एक इकडे हटून बसलाय, एक तिकडे गप्प बसलाय, आणि मधल्या मधे मी मणी ओवतेय.

माप घ्यायला त्याच्या मनगटाला दोरा गुंडाळला. एवढंसं झालंय रे मनगट. नेहमीच्या मापाने केलं ते कोपराकडे घसरलं. उसवलं, पुन्हा केलं. गाठ मारताना मला दिसेनाच, शेवटी नर्सने मारून दिली. त्याने ते घातलं आणि वरून शर्टाची बाही ओढून घेतली. मी बाहेर जाऊन जिन्यात रडले.

त्याचं काम आता काय आहे ते तुला माहीत नसेल. जिने चढवत नाहीत, म्हणून कंपनीने त्याला ऑफिसात बसवलंय. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांचे फोन घेतो. तो म्हणतो, लोकांना खरं सांगितलं, अगदी "दोन तास लागतील" सांगितलं, तरी ते शांत होतात. शिव्या घालतात, पण खाली बसून घेतात. वाईट होतं ते घंटा दाबून कुणीच बोललं नाही तर. मग माणूस दार तोडायला जातो आणि स्वतःचे हात फोडून घेतो.

तर ऐक. मी आज तुझ्याकडे किडनी मागत नाहीये. बारक्या, तू नाही म्हण.

खरंच सांगते. तू नाही म्हणालास की दुसऱ्या दिवशी मी त्याला हाताला धरून यादीत नाव घालायला नेते. मग त्याच्याकडे कारणच उरत नाही. डॉक्टर म्हणतात, आधीच उशीर झालाय, रांग वाढतेच आहे. तू हो म्हणालास तर मी घरभर नाचेन, खोटं कशाला बोलू? पण हो म्हणून पुन्हा गप्प बसणार असशील तर नको. तेवढा वेळ नाही आता त्याच्याकडे. तुझ्या गप्प बसण्याने तो मरेल, आणि नंतर तुझं काय होईल याचा विचारसुद्धा मला करवत नाही. तुलाही मीच वाढवलंय.

तू नाही म्हणालास तर मी तुला कधी बोल लावणार नाही. हे खोटं आहे. लावेन. मनातल्या मनात बरीच वर्षं लावेन, मग म्हातारी होईन आणि विसरेन. तो मात्र लावणार नाही, हे तुलाही माहीत आहे. म्हणूनच तुला फोन उचलवत नाही, हेही मला कळतं.

मला सांगू नकोस. मी त्याला सांगितलं तर तो म्हणेल, "तूच त्याला बोलायला लावलंस," आणि पुन्हा तुझी वाट बघत बसेल. त्याचं त्याला सांग. या पत्राचं त्याला काही माहीत नाही आणि कळू द्यायचं नाही. घरच्या फोनवर करू नकोस, मी उचलेन आणि सगळं बिघडवेन. ऑफिसच्या फोनवर कर, नंबर पाकिटात वेगळ्या चिठ्ठीवर लिहिलाय. जेवणाच्या आधी तो टेबलावर असतोच.

तिथे कोण बोलतंय ते बघायच्या आधीच तो सगळ्यांना म्हणतो ते तुलाही म्हणेल, "घाबरू नका, कुठे अडकलात ते सांगा." आवाज ओळखायला त्याला अर्धं मिनिट लागेल.

तेवढं अर्धं मिनिट फोन ठेवू नकोस.

तुझ्या नाहीची वाट बघणारी,
वहिनी