दगड धुण्याचे सोमवार

४ मार्च, सोमवार

आज माझ्यावर घोर अन्याय झाला, त्याची नोंद व्हावी. जेमतेम आठवडा वापरलेला माझा दातांचा ब्रश हिने जप्त केला. कारण? दगड! लेक घर सोडून गेली ती गॅलरीतलं दगड घासायचं यंत्र सुरूच ठेवून. रबराचा ड्रम, आत पाणी, काळी भरड भुकटी आणि तिने दोन वर्षं नदीकाठी वेचलेले खडे. आठवडाभर गरगर फिरतं. मग ड्रम, झाकण, खडे सगळं लख्ख धुवायचं आणि अधिक बारीक भुकटी घालायची. अशा चार पायऱ्या. मोक्षाला बहुधा कमी लागत असतील.

धुताना लेकीचा फोन – आईला. स्पीकरवर. "त्यांना सांग, गाळ मोरीत ओतायचा नाही. सिमेंटसारखा बसतो."

'त्यांना' म्हणजे मला. मी दोन हातांवर होतो, कोपरापर्यंत बादलीत.

५ मार्च

थोडा ओतला होता. प्लंबर येऊन गेला. "शिकलेली माणसं दिसता," म्हणाला.

११ मार्च, सोमवार

दुसरी पायरी झाली. पुन्हा फोन. "झाकणाच्या खाचेतून बोट फिरवा म्हणावं. भरड भुकटीचा एक कण राहिला तरी शेवटी सगळ्यांवर ओरखडे."

"ऐकलंत का?" – ही.

"ऐकलं. मी बहिरा नाही, बहिष्कृत आहे."

हिला हसू आलं. फोनमधून काही आलं नाही.

काय झालं ते इथे तरी लिहावं. नवऱ्याला सोडून लेक नोव्हेंबरात घरी आली. फेब्रुवारीत पाहुणे बसलेले. कुणीतरी विचारलं, "मग आता पुढे काय?" मी एक सुभाषित म्हटलं – मुलगी ही परक्याची ठेव, अशा अर्थाचं. उच्चार स्वच्छ, वृत्त बिनचूक. पाहुण्यांनी माना डोलावल्या. लेकीने हातातला कप खाली ठेवला. संध्याकाळी बॅग घेऊन गेली.

तीस वर्षं संस्कृत शिकवलं. कुठल्या श्लोकाचा एवढा परिणाम झालेला पाहिला नव्हता.

१८ मार्च, सोमवार

"बाबांनी खाच पुसली ना?" – बाबांनी!! आज दोनदा चहा घेतला, दुसरा विनाकारण.

आता एकच पायरी उरली, चकाकीची. पुढच्या सोमवारी काम संपणार. मग फोन कशाला येईल?

२५ मार्च, सोमवार

ओरखडे. एकूण एक खड्यावर.

"म्हणजे परत पहिल्यापासून," लेक म्हणाली. "चार आठवडे." त्यातला हिरवा खडा तिने गुडघाभर पाण्यात उतरून काढला होता म्हणे. ही माझ्याकडे बघत होती. मी चेहऱ्याने खेद व्यक्त केला.

२६ मार्च

हे पान कुणी वाचणार नाही, म्हणून लिहितो. खाचेत तीन काळे कण होते. अठरा तारखेलाच, धुताना दिसले होते. बोट नेलं, आणि मागे घेतलं.

मला अजून चार सोमवार हवे होते.

१ एप्रिल, सोमवार

ड्रम धुवायला बसलो, तोच फोन. "आई, बाबांना दे ना."

हात न पुसताच घेतला.

"बाबा, राहू द्या आता ते खडे. टाकून दिलेत तरी चालेल. मला नोकरी लागली, खोलीही मिळाली, छान उजेड आहे. तुम्ही उगाच वाकत बसू नका, कंबर सांभाळा."

आवाज गोड होता. शेजारच्या काकांची चौकशी करावी तसा.

मी म्हटलं, "बरं." पुढे काही सुचलंच नाही. मला!

२ एप्रिल

ती रागावलेली होती तोवर मला धीर होता. 'माझं चुकलं' हे मी तिला अजून म्हटलेलं नाही. आता भीती वाटते ती एवढीच – तिला ते ऐकायची गरज उरलेली नाही.